अकाउंटिंग : थोड्या मुदतीत शिकता येणारा हुनर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाने पुढे काय करावे? डॉक्टर-इंजिनीअर होण्याइतके मार्क नसतात आणि मार्क असले तरी फी झेपत नाही. मग मुलगा वडिलांच्या मागावर, काकांच्या दुकानात किंवा गोदामात हमालीला लागतो. मुलगी शिकलेली असूनही घरी बसते. याच वस्त्यांत यंत्रमाग कारखानदार, कापड व्यापारी, सायझिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले हिशेब लिहिणारा भरवशाचा माणूस शोधत असतात आणि तो मिळत नाही अशी त्यांची तक्रार असते. माणूस हवा असणारे आणि काम हवे असणारे एकाच मोहल्ल्यात राहतात, तरी त्यांची गाठ पडत नाही.

ही गाठ घालून देणारा एक हुनर आहे, तो म्हणजे अकाउंटिंग. तो शिकायला पाच वर्षे लागत नाहीत. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी काही महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर कामाला सुरुवात करू शकते. मात्र या अभ्यासक्रमांबद्दल जाहिराती फार आणि खरी माहिती थोडी, अशी स्थिती आहे. म्हणून तीस वर्षांच्या कापड व्यापारात जे पाहिले, त्याच्या आधारे चार गोष्टी येथे मांडत आहे.

हिशेबनिसाची गरज का वाढली?

पूर्वी पेढीवर दिवाणजी असत. रोजमेळ लिहायचा, खतावणी करायची, वर्षअखेर तेरीज जुळवून बिलांची पिशवी वकिलाकडे नेऊन टाकायची, एवढ्यात काम भागत असे. कापडावर तर राज्याचा विक्रीकर किंवा व्हॅट जवळजवळ नव्हताच. त्यामुळे लहान कापड व्यापाऱ्याचा कर खात्याशी रोजचा संबंध येत नसे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हे सारे बदलले. सूत, ग्रे कापड, प्रोसेसिंग, मजुरीचे काम, तयार कपडे असे सगळे कराच्या साखळीत आले. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात मोठा बंद पाळला होता, तो याच कारणाने. बंद मिटला, पण हिशेबाची नवी पद्धत कायम राहिली.

आता हिशेबनिसाच्या महिन्याकडे पाहा. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१. १४ तारखेला पोर्टलवर २बी तयार होतो. आपल्याला माल विकणाऱ्यांनी काय दाखवले ते त्यात दिसते. कामगार असतील तर १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयचा भरणा. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्यांना रिटर्न तिमाही भरण्याची सवलत २०२१ पासून आहे, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्यांनाही दरमहा २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. रिटर्नला उशीर झाला तर दर दिवसाला ५० रुपये लेट फी, काहीच व्यवहार नसेल तरी २० रुपये, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

एवढे काम गल्ला सांभाळत, गिऱ्हाईक करत मालकाला झेपणे कठीण आहे.

एका बिलाची किंमत

चांगला हिशेबनीस मालकाचा पैसा कसा वाचवतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका मागवाल्याने महिन्यात दहा लाखांचे सूत घेतले. पाच टक्क्यांप्रमाणे पन्नास हजार रुपये कर त्याने सूतवाल्यांना दिला. हा कर त्याला आपल्या देण्यातून वजा करता येतो. परंतु १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवले आणि ते खरेदीदाराच्या २बीमध्ये आले, तरच वजावट मिळते. एका सूतवाल्याने तीन लाखांचे बिल दाखवलेच नाही, तर मागवाल्याचे पंधरा हजार रुपये अडकले. पैसे दिले, पावती हातात आहे, तरी कर पुन्हा खिशातून भरावा लागतो.

हे कोणाच्या लक्षात येते? जो खरेदी वहीतील प्रत्येक बिल २बीशी ताडून पाहतो, त्याच्या. मग तो सूतवाल्याला फोन करतो, बिल चढवून घेतो, तोपर्यंत पुढचे पेमेंट थांबवायला मालकाला सांगतो. दोन तासांचे हे काम आहे. ते न करणारा हिशेबनीस कमी पगारात मिळाला तरी महागच पडतो.

दुसरे उदाहरण उधारीचे. आपल्या धंद्यात नव्वद दिवस, एकशेवीस दिवस उधारी चालते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात तरतूद आली की, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ते देणे वर्षअखेरीला बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, आणि न झालेल्या नफ्यावर कर बसतो. नुसत्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही. तेव्हा कोणाचे देणे कोणत्या तारखेला येते, कोण उत्पादक आणि कोण व्यापारी, ही यादी ज्याच्याकडे तयार असते तो हिशेबनीस मालकाच्या उजव्या हातासारखा असतो.

तिसरे, दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तयार कपड्यांत नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. त्या दिवशी प्रत्येक दुकानात कॉम्प्युटरमधील मालाच्या यादीत दर बदलावे लागले. जेथे हे काम समजणारा माणूस होता तेथे ते रातोरात झाले.

अभ्यासक्रम कोणते?

पहिला मार्ग शाळेतूनच जातो. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला व्यावसायिक शाखा आहे. एमसीव्हीसी या जुन्या नावाने ती अजून ओळखली जाते. तिच्यात हिशेब आणि ऑफिस कामाचा अभ्यासक्रमही आहे. तो आपल्या जवळच्या कोणत्या कॉलेजात चालतो याची चौकशी दहावीनंतर लगेच करावी.

दुसरा मार्ग बारावीनंतरचा, टॅली आणि जीएसटीचा अल्प मुदतीचा कोर्स. खासगी क्लासेस गल्लोगल्ली आहेत. एमकेसीएलच्या केंद्रांतही टॅलीचा कोर्स असतो. बँकिंग-वित्त क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' या कामाचे अभ्यासक्रम ठरवून दिले आहेत. सरकारी कौशल्य योजनांतील केंद्रांत ते शिकवले जातात.

तिसरा मार्ग थोडा लांबचा, पण वजनदार आहे. कॉस्ट अकाउंटंट्सची राष्ट्रीय संस्था सर्टिफिकेट इन अकाउंटिंग टेक्निशियन्स, म्हणजे सीएटी, हा अभ्यासक्रम चालवते. बारावीनंतर तो करता येतो आणि पुढे सीएमएच्या इंटरमीजिएटला जाण्याचा रस्ता त्यातून उघडतो.

टॅलीचे नाव सर्वांना माहीत आहे, पण त्याचा जन्म कसा झाला हे थोड्यांना ठाऊक असेल. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवणारे व्यापारी. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेला मुलगा भरत याला तो लिहायला सांगितले. १९८६ साली बेंगळुरूत काम सुरू झाले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. व्यापाऱ्याची गरज आणि मुलाची तालीम एकत्र आली की काय होते, त्याचा हा दाखला आहे.

क्लास निवडताना

फी भरण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. आधी कागदावर नावे-जमा शिकवतात की थेट कॉम्प्युटरसमोर बसवतात? सरावाला खरी बिले, चलने, बँकेची स्टेटमेंट देतात की पुस्तकातील दहा उदाहरणे? जीएसटी रिटर्नची तयारी आणि २बी जुळवणी प्रत्यक्ष करून घेतात का? आणि गेल्या वर्षी शिकून गेलेली मुले आज कोठे कामाला आहेत? यापैकी दोन मुलांना समक्ष भेटावे. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी पाटी पाहून एकरकमी फी भरू नये. हप्ते पाडून घ्यावेत.

मुलगा खरोखर शिकला की नाही, हे मालकाला पाच मिनिटांत तपासता येते. त्याला म्हणावे, पन्नास हजारांचे कापड महाराष्ट्रातल्याच पार्टीला उधार विकले, नोंद लिही. त्याने पार्टीच्या नावे ५२,५०० रुपये टाकले, विक्री खात्यात ५०,००० जमा केले आणि केंद्राच्या व राज्याच्या जीएसटीचे १,२५० प्रमाणे दोन खाती जमा केली, तर त्याला काम समजते. फक्त बटणे पाठ केलेला मुलगा येथेच अडतो. हिशेबाचे मूळ नावे-जमाच आहे. टॅली उद्या बदलेल, दुसरे सॉफ्टवेअर येईल, मूळ बदलणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बिले वाचून आपोआप नोंद करणारे प्रोग्राम आता आले आहेत. नुसती बिले टाइप करण्याचे काम त्यामुळे कमी होत जाणार. परंतु चुकीचे बिल ओळखणे, पार्टीशी बोलून खाते जुळवणे, बँक आणि वही यांतील फरक शोधणे, हे माणसाकडेच राहील. शिकताना जोर तेथे द्यावा. टॅलीच्या जोडीला एक्सेल आणि टायपिंगही पक्के करावे.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी

मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. कॉमर्सची इंग्रजी पुस्तके पाहून आपल्या मुलांना धास्ती वाटते, ते मला माहीत आहे. परंतु हिशेबाची इंग्रजी ही फार तर शे-दोनशे शब्दांची इंग्रजी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच शब्दांना बाजाराने फार पूर्वीपासून आपले शब्द दिले आहेत. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. जर्नल म्हणजे कीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. ज्या मुलाने वडिलांच्या दुकानात उधारीची वही पाहिली आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. त्याने वहीत तीन रकाने करावेत : इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि उर्दूत अर्थ. रोज पाच शब्द लिहिले तरी एका महिन्यात भीती जाते.

मराठीकडेही लक्ष द्यावे. राज्य सरकारच्या खात्यांचा, नगरपालिकेचा, वीज कंपनीचा पत्रव्यवहार मराठीत असतो. तो वाचून उत्तराचा मसुदा करू शकणारा हिशेबनीस ऑफिसात पुढे जातो.

काम कोठे मिळते?

पहिली जागा अर्थातच दुकान आणि कारखाना. बिल बनवणे, मालाची शिल्लक, मजुरीवर दिलेल्या मालाची चलने, ई-वे बिल ही कामे नवशिक्याला मिळतात. आपल्या धंद्यात माल एका हातातून दुसऱ्या हातात फार फिरतो. सूत सायझिंगला, बीम मागावर, ग्रे कापड प्रोसेसला जाते. मजुरीसाठी पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे असा जीएसटीचा नियम आहे. त्याची नोंद नीट ठेवणारा मुलगा मालकाला लवकर हवाहवासा होतो.

दुसरी जागा सीए किंवा कर सल्लागाराचे ऑफिस. सुरुवातीचा पगार येथे कमी असतो, पण दोन वर्षांत पन्नास प्रकारचे धंदे हाताखालून जातात. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

तिसरी, गोदामे आणि ट्रान्सपोर्ट. भिवंडी परिसरात मोठमोठ्या कंपन्यांची गोदामे उभी राहिली आहेत. तेथे आवक-जावक, स्टॉक आणि बिलिंगला माणसे लागतात. हमालीला जाणारा बारावी पास मुलगा त्याच गोदामात ऑफिसच्या टेबलावर बसू शकतो.

चौथी, स्वतःचे काम. लहान दुकानदाराला पूर्ण वेळ माणूस परवडत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस एकेका दुकानात बसून पाच-सहा दुकाने सांभाळणारे हिशेबनीस शहरात आहेत. आपल्या मुलींसाठी ही सोय विशेष आहे. दुकानदाराने बिलांचे फोटो मोबाइलवर पाठवावेत, मुलीने घरी बसून नोंदी कराव्यात, महिन्याला हिशेब द्यावा. एक लॅपटॉप आणि इंटरनेट एवढेच भांडवल.

आखाताचे काय, असे कोकणातील वाचक विचारतील. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात १ जानेवारी २०१८ पासून व्हॅट आला. सौदीत तो जुलै २०२० पासून १५ टक्के आहे. अमिरातीत २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावरही कर लागू झाला. त्यामुळे हिशेब जाणणाऱ्यांना तेथे काम आहे, पण चांगल्या जागेला पदवी आणि अनुभव दोन्ही विचारतात. नुसत्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर एजंटला पैसे देऊ नयेत.

सर्टिफिकेटने काय मिळत नाही?

अल्प मुदतीचा कोर्स केलेला माणूस सीए नव्हे. ऑडिटवर सही करण्याचा अधिकार त्याला नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची तर कॉमर्स, कायदा, बँकिंग किंवा बिझिनेस मॅनेजमेंट अशा शाखेची पदवी लागते आणि राष्ट्रीय अकादमीची परीक्षा पास व्हावी लागते. तेव्हा जो तीन महिन्यांवरच थांबेल, तो दहा वर्षांनीही बिलेच लिहीत राहील.

त्यावर उपाय आहे. कामाला लागल्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ला नाव घालावे. दिवसा काम, रात्री अभ्यास. पगारातून फी निघते. पदवी हातात येईपर्यंत तीन वर्षांचा अनुभवही जमा होतो. मग प्रॅक्टिशनरची परीक्षा, सीएमए, हिंमत असेल तर सीए. डोके चांगले असूनही केवळ पैशांअभावी शिक्षण सोडणाऱ्या मुलांना हा जिना चढता येण्यासारखा आहे.

हिशेब ही अमानत

कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरामधील २८२वी आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, व्यवहार लहान असो की मोठा लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिच्यात बजावले आहे. हिशेब लिहिणाऱ्याचे काम किती जबाबदारीचे आहे हे त्यावरून कळावे. वही नीट असेल तर जकात काढतानाही अंदाजाने चालावे लागत नाही. माल, येणे, देणे समोर असते.

हे सांगण्याचे कारण बाजारातील एक रोग आहे. माल न देता नुसती बिले फाडणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या गेल्या. गरीब कारागिरांची पॅन आणि आधार कार्डे घेऊन त्यांच्या नावे बोगस फर्म काढल्याचीही प्रकरणे उघडकीस आली. अशा गुन्ह्यात रक्कम मोठी असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बिले बनवण्यात हात असलेला नोकरही सुटत नाही. नव्या मुलांना 'फक्त एंट्री मार, तुझे काय जाते' असे सांगितले जाते. जाते ते त्याचेच. अशी नोकरी पहिल्या दिवशी सोडावी. कारागीर बांधवांनीही आपले आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी कोणालाही देऊ नये. मालकांनी पोर्टलचा ओटीपी आणि डिजिटल सही स्वतःच्याच ताब्यात ठेवावी. रिटर्न हिशेबनिसाने तयार करावा, पाहून मंजुरी मालकाने द्यावी.

व्यापाऱ्यांना विनंती

मुलांना शिकवणारे क्लास पुष्कळ आहेत. कमी आहे ती सरावाची जागा. प्रत्येक मालक अनुभवी माणूस मागतो, मग नवशिक्याने अनुभव आणायचा कोठून? आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याने, कारखानदाराने दरवर्षी एक मुलगा किंवा एक मुलगी तीन महिन्यांसाठी आपल्या हिशेबनिसाच्या शेजारी बसवावी. खऱ्या बिलांवर काम करू द्यावे, येण्याजाण्याचा खर्च आणि थोडा मोबदला द्यावा. काम आवडले तर ठेवून घ्यावे, नाही तर दोन ओळींचे अनुभवाचे पत्र लिहून द्यावे. त्या पत्राने त्याला दुसरीकडे दार उघडते.

पालकांनीही निकालाची वाट पाहत बसू नये. परीक्षा आणि निकाल यांच्यामध्ये दोन-अडीच महिने रिकामे असतात. त्या काळात मुलाला नावे-जमा आणि टायपिंग शिकायला घालावे. पुढे तो कोणताही धंदा करो, हिशेब त्याला कामी येणारच आहे.